ईस्ट कर्कबीला, बाबांबरोबर

लँकेस्टर या दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकी विमानाजवळ पोचल्यावर बाबांनी मान वर केलीच नाही. आजूबाजूचे लोक चार इंजिनांचे फोटो काढत होते, लहान मुलं मागच्या तोफेच्या मनोऱ्याकडे बोट दाखवत होती. बाबा सरळ शेपटीकडे गेले, वाकले आणि पत्र्यावरच्या रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकून बसवलेल्या खिळ्यांच्या, रांगा बघू लागले. चष्मा कपाळावर, नाक पत्र्यापासून वीतभर अंतरावर.

"हे काम नवं आहे," ते म्हणाले. "रांग बघ कशी सरळ आहे. आणि घाई केलेली नाही."

बाबा १९७४ साली आयटीआय करून ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात लागले. आधी मिग-२१, मग मिग-२७. पस्तीस वर्षं पत्रा, ड्रिल, रिव्हेट. आमच्या नाशिकच्या घरी कपाटाची बिजागरी निखळली तरी ते आधी भोक तपासायचे, स्क्रू नंतर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते आणि आई माझ्याकडे लेस्टरला आले, तेव्हा लंडन, विंडसर वगैरे सगळं झालं. बाबा गप्प गप्पच होते. मग मी लिंकनशरला न्यायचं ठरवलं. आई म्हणाली, "तुम्ही दोघं जा, मी घरी वरणभात करून ठेवते." ते बरंच झालं, कारण त्या दिवशी आम्ही पाच तास एकाच विमानाभोवती होतो.

लेस्टरहून लिंकन आणि तिथून हॉर्नकॅसल. लिंकनचं कॅथेड्रल टेकडीवर असल्यामुळे फार लांबून दिसतं. युद्धाच्या काळात पहाटे परतणारे वैमानिक तेच शोधायचे. हॉर्नकॅसल सोडलं की एका बाजूला वोल्ड्स टेकड्यांचे उतार आणि दुसऱ्या बाजूला पाटासारखी सपाट शेती. या सपाटीमुळेच इथे इतके विमानतळ झाले. ईस्ट कर्कबी त्यांतला एक. युद्धात इथून ब्रिटिश हवाई दलाच्या, म्हणजे आरएएफच्या, ५७ आणि ६३० या स्क्वॉड्रन्सची लँकेस्टर विमानं जर्मनीवर जात.

आता हा तळ खाजगी आहे, आणि त्यामागची गोष्ट माहीत नसेल तर हे विमान इथे का आहे ते कळत नाही. पँटन हे इथलं कोंबड्या पाळणारं शेतकरी कुटुंब. त्यांचा थोरला मुलगा ख्रिस्तोफर हॅलिफॅक्स या बाँबफेकी विमानावर फ्लाइट इंजिनिअर होता. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्युरेंबर्गवर गेलेल्या हल्ल्यात तो मारला गेला. वय एकोणीस. त्या एका रात्रीत आरएएफची ९५ विमानं परत आली नाहीत. बाँबर कमांडसाठी, म्हणजे आरएएफच्या बाँबफेकी शाखेसाठी, सबंध युद्धात इतकी वाईट रात्र दुसरी नव्हती. धाकटे भाऊ, फ्रेड आणि हॅरोल्ड, मोठे झाले, कोंबड्यांच्या धंद्यात कमावलं, जुन्या तळाची जमीन घेतली आणि १९८३ साली हे लँकेस्टर विकत घेतलं. एनएक्स६११ हा त्याचा क्रमांक, ‘जस्ट जेन’ हे नाव. भावाचं विमान हॅलिफॅक्स होतं, पण तसं मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याच कामाचं दुसरं.

हे विमान एप्रिल १९४५ मध्ये लाँगब्रिजच्या ऑस्टिन मोटारींच्या कारखान्यात बनलं. जपानविरुद्धच्या मोहिमेसाठी होतं, पण तोवर युद्धच संपलं. पुढे फ्रेंच नौदलानं ते घेतलं आणि पार पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियापर्यंत नेलं. १९६५ मध्ये ते ऑस्ट्रेलियाहून उडत इंग्लंडला परतलं. नंतर दहा वर्षं स्कॅम्प्टनच्या हवाई तळाच्या फाटकाशी उघड्यावर उभं. ऊन, पाऊस, बर्फ. बाबांनी हे ऐकलं आणि चेहरा कसनुसा केला. "दहा वर्षं उघड्यावर! आतून काय झालं असेल."

काय होतं ते त्यांनी मला चहा पिताना समजावून सांगितलं. ॲल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा तांबडा नसतो. पत्र्याच्या सांध्यात पाणी शिरतं, स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला टेकलेला असतो तिथे दोन धातूंत हळूहळू क्रिया होते आणि पांढरी भुकटी जमते. ती फुगते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आत दोन पत्र्यांच्या मधला थर पोखरलेला. म्हणून रंग खरवडल्याशिवाय आणि पत्रा उघडल्याशिवाय जुन्या विमानाबद्दल कोणी काहीही सांगू नये, असं बाबांचं ठाम मत.

ईस्ट कर्कबीचे लोक नेमकं तेच करतात. २०१६-१७ च्या हिवाळ्यापासून दर हिवाळ्यात विमानाचा एकेक भाग उघडायचा, रंग उतरवायचा, तपासायचा, खराब ते बदलायचं, आणि उन्हाळ्यात पुन्हा जोडून जमिनीवर धावण्यासाठी तयार करायचं. उन्हाळ्यात लोक तिकीट काढून आत बसतात, विमान गवतावरून फिरतं, आणि त्या पैशांतून पुढच्या हिवाळ्याचं काम होतं. इंजिनं तर १९९५ मध्येच चारही सुरू झाली होती. म्हणजे हे विमान पाव शतक धावू शकत होतं, उडू शकत नव्हतं. मला ते विचित्र वाटलं. इंजिन चालू, चाकं चालू, मग राहिलं काय?

बाबा म्हणाले, "अगं, धावताना काही तुटलं तर विमान थांबतं. वर तुटलं तर?"

हँगरमध्ये एक स्वयंसेवक भेटले, सत्तरीच्या पुढचे, निळा डगला. मी ओळख करून दिली की माझे वडील मिगवर काम करायचे. त्यानंतर माझी गरज उरली नाही. बाबांचं इंग्रजी कामापुरतं, स्वयंसेवकांचं लिंकनशरचं इंग्रजी मलाही अर्धंच कळत होतं, पण दोघं बोटांनी बोलत होते. एक जण हातोडीची खूण करायचा, दुसरा पत्र्याच्या मागून डॉली, म्हणजे टेकूचा जड ठोकळा, धरल्याची. मी अधूनमधून भाषांतर करत होते. ड्युरल्युमिनचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, रिव्हेट आधी तापवून पाण्यात विझवतात, मग ते थोडा वेळ मऊ राहतात, आणि तेवढ्यात ठोकले नाहीत तर आपोआप कडक होतात. कडक झालेला रिव्हेट ठोकला तर तडकतो. म्हणून ते फ्रीजरमध्ये ठेवतात, थंडीत कडक होण्याची क्रिया मंदावते. कामाच्या वेळी मूठभर काढायचे आणि भराभर मारायचे. बाबांना शिकाऊ असताना हाच धडा दिला होता. "आमचे मास्तर घड्याळ समोर ठेवायचे," ते म्हणाले, आणि मी ते इंग्रजीत सांगितल्यावर निळ्या डगल्यातले आजोबा इतके हसले की बाबाही हसायला लागले.

मी मात्र एक प्रश्न विचारलाच. सगळं बदलत गेलं तर जुनं विमान उरेल किती? ज्या पत्र्याला त्या काळच्या कामगारांचे हात लागले, तो पत्रा भंगारात? कारखान्यांत तेव्हा कितीतरी बायकाच रिव्हेट मारत होत्या, त्यांचं काम आपण फेकून देतोय असं मला वाटत होतं. स्वयंसेवक म्हणाले की जे वाचवता येतं ते वाचवतात, पण भार घेणाऱ्या भागाबाबत तडजोड नाही. बाबांना प्रश्नच पटला नाही. त्यांच्या मते खराब भाग ठेवणं हाच त्या बायकांचा अपमान. त्यांनी ते सात माणसं वर जावीत म्हणून बनवलं होतं.

तिकीट मला एकच मिळालं होतं, तेही महिन्यांपूर्वी. बाबा आत गेले.

बाहेरून बॅटरीची गाडी जोडली. पहिला पंखा अडखळत फिरला, एक वेढा, दोन, आणि धुराड्यांतून निळसर धूर आला. मग दुसरं इंजिन, तिसरं, चौथं. लँकेस्टरचं मर्लिन इंजिन १२ सिलिंडरचं, २७ लिटरचं. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे चारही इंजिनांचे मिळून ९६. हे आकडे मी वाचले होते, पण आवाजाची कल्पना त्यांतून येत नाही. तो कानांआधी बरगड्यांना कळतो. गवत मागच्या मागे झोपलं. माझ्या शेजारी काठी टेकून उभ्या असलेल्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते. मी त्यांना काही विचारलं नाही.

बाबा उतरले तेव्हा गुडघे धरून होते. पंखांचा मुख्य स्पार, म्हणजे भार पेलणारी तुळई, विमानाच्या पोटातून आडवा जातो आणि पुढे जायचं तर तो चढून ओलांडावा लागतो. दिवाणाएवढा उंच, आणि वर डोक्याला छत. "अंधारात, जाड कपडे घालून, विमान पेटलेलं असताना ती पोरं हे ओलांडून बाहेर कशी पडत असतील," एवढंच म्हणाले. त्यांना वायरलेस ऑपरेटरच्या जागेजवळ बसवलं होतं. गरम हवेची नळी तिथेच सुटायची, म्हणून तो घामाघूम आणि मागचा गनर गोठलेला.

तळावरच्या छोट्या प्रार्थनागृहात इथून गेलेल्या आणि न परतलेल्यांची नावं आहेत, साडेआठशेच्या आसपास. बाँबर कमांडचे एकूण ५५,५७३ जण गेले. आणि त्यांच्या बाँबखाली जी शहरं होती तिथले लोक वेगळेच, त्यांची नावं या भिंतीवर नाहीत. बाबा नावं वाचत सावकाश पुढे सरकत होते. मी बाहेर येऊन बसले.

परतीच्या वाटेवर ते खूप बोलले. एचएएलमध्ये बंगळूरहून आलेल्या जुन्या लोकांकडून ऐकलेली लिबरेटरची हकीकत त्यांनी पहिल्यांदा सांगितली. युद्धानंतर कानपूरला अमेरिकी बनावटीची बी-२४ लिबरेटर बाँबर मुद्दाम मोडतोड करून टाकून दिली होती, कोणी पुन्हा वापरू नयेत म्हणून. १९४८ मध्ये एचएएलच्या माणसांनी त्या ढिगातून विमानं निवडली, उडण्याइतपत डागडुजी केली, आणि जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकानं ती एकेक करून बंगळूरला नेली. तिथे पुरती दुरुस्त होऊन ती हवाई दलात आली आणि १९६८ पर्यंत उडत राहिली. पुण्याच्या सहा नंबरच्या स्क्वॉड्रनकडे हीच होती. त्यांतलंच एक १९७४ मध्ये आपण इंग्लंडच्या आरएएफ संग्रहालयाला दिलं. "इथे आता जे चाललंय ते आपल्याकडे गरजेपोटी कधीच करून झालंय," बाबा म्हणाले, "पण कोणी लिहून ठेवलं नाही. हे लोक लिहून ठेवतात."

आज जगात उडणारी लँकेस्टर दोनच: एक ईस्ट कर्कबीपासून जवळच कॉनिंग्सबीला आरएएफकडे, दुसरं कॅनडात हॅमिल्टनला. बनली होती ७,३७७. मे २०२४ मध्ये कॉनिंग्सबीजवळ स्पिटफायर हे त्याच काळातलं एक लढाऊ विमान कोसळलं आणि वैमानिक गेला, तेव्हा ही विमानं काचेआडच ठेवावीत असं मला मनापासून वाटलं. बाबांना फोन केला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याच्या घरच्यांचं काय चाललं असेल." आणि थोड्या वेळानं, "पण इंजिन बंद ठेवू नका म्हणावं."

ईस्ट कर्कबीला रिव्हेट क्लब आहे. थोडे पैसे भरायचे, ते विमानाच्या कामाला जातात. त्या दिवशी दुकानातून निघताना बाबांनी मला आपल्या नावानं भरायला लावले आणि नाशिकला गेल्यावर पहिल्याच रविवारी फोनवर विचारलं, "आपले रिव्हेट कुठल्या पॅनलला लागणार? पंखाला की शेपटीला?" मी म्हटलं, बाबा, ते असं सांगत नाहीत. तरी दर हिवाळ्यात विचारतात.