काल निकाल, आज मोटर जळाली
लोकसभेपासून आमचे अण्णा आणि काका बोलत नव्हते. एक घड्याळवाला (अजित पवारांचा), एक तुतारीवाला (शरद पवारांचा), २०२३ च्या जुलैपर्यंत दोघं एकाच पक्षाचे, एकाच सभेला एकाच गाडीवर जायचे हे सांगितलं तर पोरांना खोटं वाटतं. काल, २३ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेचा निकाल लागला, महायुती २८८ पैकी २३० वर गेली, काकांनी गुलाल उधळला आणि अण्णा दिवसभर टीव्ही बंद करून बसले, जेवले पण नाहीत नीट.

आणि आज पहाटे सामाईक विहिरीवरची मोटर जळाली 😅 हरभऱ्याला पाणी चालू होतं, पाळी काकांची. मोटर वर काढायला एकट्याचं काम नाही, मग काय, दोघं दोर ओढतायत, आधी "हां", "सोड", "धर" एवढंच. नंतर काका म्हणाले, सोयाबीन काय भावानं दिलं? अण्णा म्हणाले, चार हजाराच्या आतच. यंदा २०२४ चा हमीभाव ४८९२, आणि हे! मग जे सुरू झाले दोघं, सरकार कुणाचं वगैरे सगळं विसरून, अर्धा तास. मी गपचूप चहा आणून ठेवला.

मोटर भरायला टाकलीय. खर्च निम्मा-निम्मा.