भुरा आणि बुंदी यांचे मानपान

भुरा हा आमचा गिनी पिग दीड वर्ष एकटाच राहिला, आणि ही माझी चूक होती, हे मला फार उशिरा कळले. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत माणसाळवलेला हा प्राणी मुळात गटाने राहणारा आहे. त्याला एकटे ठेवणे इतके गैर मानले जाते की स्वित्झर्लंडने 2008 च्या नियमावलीत त्याला सोबत देणे बंधनकारक केले. म्हणून मी चार महिन्यांचा बुंदी आणला. दोघेही नर.

पहिल्या संध्याकाळी भुरा मागचा भाग डोलवत, खर्जात घरघरत, संथ पावलांनी बुंदीभोवती फिरू लागला, त्याच्या पाठीवर चढला आणि दात कटकटवू लागला. बुंदी किंचाळला तेव्हा मी घाबरून दोघांना वेगळे केले. असे तीनदा घडले. आमच्या पशुवैद्यांनी मग समजावले की ती किंचाळी बहुधा वेदनेची नसते, ‘तू मोठा, मी मागे सरतो’ असे सांगण्याची ती रीत असते. आणि मी दर वेळी मध्ये पडल्यामुळे त्यांचा थोरला-धाकटा ठरण्याआधीच सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होते.

चौथ्या वेळी मी दोघांना दिवाणखान्यात, कोणाचाही वास नसलेल्या नव्या चटईवर, गवताचा मोठा ढीग घालून सोडले आणि जवळच जाड टॉवेल घेऊन बसून राहिले, कारण झुंजणाऱ्या गिनी पिगांमध्ये उघडा हात घातल्यास कडकडून चावा बसतो. दोघेही समोरासमोर नाक उंचावून उभे राहिले. ज्याचे नाक वर राहते त्याचा मान मोठा. शेवटी बुंदीने मान खाली घातली आणि तो गवत खाऊ लागला. दोघे एकमेकांना घट्ट धरून गडगडू लागले असते किंवा रक्त दिसले असते, तर मात्र मी त्यांना तत्काळ वेगळे केले असते.

जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठात प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास केलेले नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की नर-माद्यांच्या मोठ्या गटात वाढलेले नर अनोळखी नरासमोर आले तरी फारसे न झुंजता आपले स्थान ठरवतात, तर एखाद्याच मादीसोबत वाढलेले नर त्वेषाने भांडतात आणि त्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. वयात येताना थोरल्या नरांकडून दटावले जाण्यातूनच न झुंजण्याचे हे वळण लागते. भुऱ्याला असे थोरले कधी मिळालेच नाहीत, हे वाचताना मला फार वाईट वाटले.

आता त्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात पाण्याच्या दोन बाटल्या आहेत, गवत दोन ठिकाणी असते आणि लपायच्या प्रत्येक खोक्याला दोन दारे आहेत, कारण एकाच दाराच्या खोक्यात धाकटा कोंडीत सापडतो. कोथिंबिरीवर पहिला हक्क भुऱ्याचा असतो. कुकरची शिट्टी झाली की बुंदी धावत जाऊन त्याच भुऱ्याच्या कुशीला बिलगतो. बुंदी आता नऊ महिन्यांचा, ऐन उमेदीच्या वयाचा झाला आहे, आणि गेल्या आठवड्यापासून तोही खर्जात घरघरू लागला आहे. मी टॉवेल हाताशी ठेवला आहे, पण अजून जागेवरून उठलेले नाही.