दोन लाल वायरी आणि काळा स्क्रीन

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात हीटिंगचा आणि एसीचा एकमेकांशी काही संबंध नाही. तळघरात गॅसचा बॉयलर, त्याचं गरम पाणी खोल्याखोल्यांतून फिरतं. एसीचा एअर हँडलर, म्हणजे थंड हवा घरात ढकलणारं यंत्र, वर माळ्यावर. थर्मोस्टॅटच्या वायरींना २४ व्होल्ट देणारे दोघांचे ट्रान्सफॉर्मरही वेगळे. ऑक्टोबरमध्ये स्मार्ट थर्मोस्टॅट (घराचं तापमान सांभाळणारा भिंतीवरचा डबा) आणला तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, आणि हेल्पलाइनवरच्या एकालाही ते विचारावंसं वाटलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

जुना थर्मोस्टॅट सेलवर चालायचा. नवा बसवला, स्क्रीन काळाच. हेल्पलाइनवर पाऊण तास संगीत ऐकल्यावर उत्तर आलं, "सी वायर हवी, बॉयलरवरून घ्या." सी म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे परत जाणारी वायर, तिच्यामुळे थर्मोस्टॅटला सतत वीज मिळते. शनिवारभर खपून तळघरातून नवी वायर ओढली, बॉयलरच्या सी टर्मिनलला जोडली. स्क्रीन ढिम्म. पुन्हा फोन, पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न, फोटो पाठवा, थांबा. दुसरा माणूस म्हणाला, "दोन्ही लाल वायरी एकत्र करा." तिसऱ्याने पहिल्याचंच वाक्य वाचून दाखवलं. साताऱ्याहून आलेली आई तोवर स्वेटरवर शाल घेऊन बसलेली. रोज रात्री मी जुना थर्मोस्टॅट परत लावत होतो. तुम्हीही जुना लगेच टाकून देऊ नका.

लाल वायरी मी एकत्र केल्या नाहीत, आणि फार बरं झालं. एक लाल बॉयलरची, तिचं टर्मिनल आर-एच. दुसरी एसीची, तिचं आर-सी. त्या जोडल्या की दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांत अडकतात, आणि त्यातला एखादा जळूही शकतो. अनेक नव्या थर्मोस्टॅटमध्ये या दोन टर्मिनलना जोडणारी बारीक खिट्टी असते. घरात दोन ट्रान्सफॉर्मर असतील तर ती उघडी ठेवायची.

शेवटी मल्टीमीटर एसी (इथे अल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर ठेवून स्वतःच मोजलं. आर-एच ते सी: २६ व्होल्ट. आर-सी ते सी: काटा तीन-चारवर नुसता थरथरत होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझा थर्मोस्टॅट वीज मागत होता एसीच्या बाजूने, आणि मी सी दिली होती बॉयलरची. अर्धं वर्तुळ इकडचं, अर्धं तिकडचं. वीज फिरणार कुठून?

माळ्यावरून येणाऱ्या केबलमध्ये एक निळी वायर भिंतीत गुंडाळून ठेवलेली होती. ब्रेकर पाडला (वायरी २४ व्होल्टच्या असल्या तरी एअर हँडलरच्या पेटीत मेन लाइन असते), वर जाऊन तिचं दुसरं टोक एअर हँडलरच्या बोर्डावर सीला कसलं, खाली थर्मोस्टॅटवर बॉयलरची सी काढून ती निळी लावली. आर-सी ते सी: २७ व्होल्ट. स्क्रीन उजळला, पाचच मिनिटांत पाइप कोमट झाले. आईने शाल बाजूला ठेवली. मला खरंच अभिमान वाटला.

वायरीच्या रंगावर मात्र विसंबू नका, दुसरं टोक कुठे जातं ते बघा. सेटिंगमध्ये हीटिंगचा प्रकार गरम पाण्याचा निवडा, नाहीतर हीटिंगबरोबर माळ्यावरचा पंखाही सुरू होऊ शकतो.

आणि हे राहिलंच: आता थर्मोस्टॅटला वीज एसीकडून मिळते. हिवाळ्यात एसीचा ब्रेकर बंद करायची आमची सवय होती. तो पाडला तर हीटिंगही बंद. त्या ब्रेकरवर मी लाल टेप चिकटवली आहे.