तुम्ही विचारलंत म्हणून: मिरजेचा माणूस आणि इंग्लंडातला अंतर्गळ

प्रश्न दोन दिशांनी येतो. मिरजेहून फोनवर येतो तो असा: "दवाखान्यांच्या गावचा माणूस तू, आणि हर्निया तिकडे कापून घेतलास?" इथे इंग्लंडात, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, नवीन आलेली पोरं विचारतात: "दादा, तुमचं झालंय ना ऑपरेशन? एनएचएसमध्ये करावं की प्रायव्हेटला?" (एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा.) दोघांनाही आजवर मी उडवून लावलंय. आता एकदाच लिहून टाकतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

मिरजकरांचं आधी. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून आमच्या गावात रिक्षावाल्यालासुद्धा कुठला सर्जन कशात चांगला ते ठाऊक असतं. मामेभावाने आकडाही सांगितला होता: ६० हजारांत सगळं, वर स्पेशल रूम. मान्य. पण ज्याला वजन उचलू नको म्हणून बजावलंय, त्याने २३ किलोच्या दोन बॅगा पट्ट्यावरून ओढायच्या, मुंबईहून रात्रभर हादरे खात मिरजेला जायचं आणि ७४ वर्षांच्या आईकडून पथ्यपाणी करून घ्यायचं? हे मी दर वेळी सांगतो आणि समोरचा म्हणतो, "ते खरं रे, पण..." खरं सांगायचं तर बॅगा हे निमित्त. मला इथलं हक्काचं हवं होतं. मी २०१६ ला आलो तेव्हा आरोग्याचा अधिभार माणशी वर्षाला २०० पौंड होता, आता १,०३५ आहे. तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम, आगाऊ. पगारातून कर जातो तो वेगळाच. त्यामुळे "तुमच्याकडे काय, सगळं फुकट" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

२०२३ च्या जानेवारीत उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ दिसली. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, उभं राहून खोकायला लावलं, गाठ पुढे आली. झोपवलं, आत गेली. दोन मिनिटांचं काम. मग एक पत्र आलं. त्यावर बुकिंगचा नंबर, पासवर्ड आणि हॉस्पिटलांची यादी होती. मी यादीतलं पहिलं, घराजवळचं मोठं सरकारी हॉस्पिटल निवडलं आणि पत्र खणात टाकलं. त्या पत्राकडे पुन्हा येतो.

जूनमध्ये सर्जनने बघितलं आणि ऑपरेशनच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव घातलं. जीपीच्या चिठ्ठीपासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा इथला दंडक आहे, पण २०१६ पासून देशाच्या पातळीवर तो पाळला गेलेला नाही. २०२३ मध्ये डॉक्टरांचे संप चालू होते आणि सप्टेंबरात एकट्या इंग्लंडची वेटिंग लिस्ट ७७ लाखांच्या वर गेली होती. मी त्यातला एक. आणि मी तेव्हा काय भाषणं ठोकत होतो म्हणून सांगू! ऑफिसातल्या एकाने गुडघ्यासाठी प्रायव्हेटचा रस्ता धरला तर त्याला मी तोंडावर म्हणालो की ही रांग मोडणं आहे, पैसेवाले असे निघून गेले की सरकारी दवाखान्याचं काय होतं ते आम्ही आमच्याकडे बघितलंय.

बघितलंय म्हणजे काय, तर आमच्याकडे 'सिव्हिल' हा शब्द कसा वापरतात ते ऐका. "शेवटी सिव्हिलला टाकलं" असं कुणाबद्दल म्हटलं की त्याची पैशाची बाजू सांगून झाली. पुढे काही विचारायचं नसतं. हा शब्द माझ्याही पोटात होताच. भाषण वर, शब्द खाली.

ऑक्टोबरात तारीख आली आणि आठवड्याभरात पुढे ढकलल्याचं पत्र आलं. मीटिंगमध्ये मी खिशात हात घालून गाठ दाबून बसायला लागलो होतो. पोराने सायकल डिकीत ठेवायला सांगितली तर मी त्याच्यावर खेकसलो. त्या रात्री प्रायव्हेट हॉस्पिटलची वेबसाइट उघडली.

समोर आला तो तोच सर्जन. जूनमध्ये कोपरापर्यंत उघड्या हातांनी, घाईत भेटलेला माणूस आता सूट-टायमध्ये, कॉफी विचारत. वाक्यं मात्र तीच, जाळी बसवू, त्याच दिवशी घरी, सहा आठवडे जड उचलायचं नाही. भेटीचे २२० पौंड, ऑपरेशनचे ३,२५०, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीन लाख तीस हजार. कंपनीच्या विम्याने "दुखणं आधीचं आहे" म्हणून हात वर केले होते. तारीख मिळाली बारा दिवसांनी. जिथे वर्ष लागणार होतं तिथे बारा दिवस, आणि हात तेच. मला राग यायला हवा होता. मला हायसं वाटलं.

ऑपरेशनच्या सकाळी शेजारच्या कॉटवर एक निवृत्त बसड्रायव्हर होता. त्याचाही हर्निया, सर्जनही तोच. मी सहज विचारलं, तुम्ही किती भरले? तो हसला. एक पेनीही नाही. त्याला एनएचएसनेच इथे पाठवलं होतं. इथली बरीच प्रायव्हेट हॉस्पिटलं सरकारी पेशंटही घेतात, बिल सरकार भरतं. "तुझ्या पत्रात यादी होती की," तो म्हणाला. तेवढ्यात मला न्यायला आले.

आता जे झालं ते कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच.

दुपारी चारला शुद्ध नीट आली. टोस्ट आला, चहा आला. नर्सने विचारलं, "लघवी झाली का?" मी बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो, नळ सोडला, चार थेंब आले. बाहेर येऊन म्हणालो, हो, झाली. का खोटं बोललो? बायको खाली गाडीत होती. पोराला क्लासवरून आणायचं होतं. आणि हे लिहायला लाज वाटते, पण खोली सहापर्यंतची असेल, पुढे थांबलो तर बिल वाढेल असं डोक्यात होतं. पैसे भरून घेतलेल्या खोलीत मी पाहुण्यासारखा संकोचून वागत होतो. सिव्हिलच्या व्हरांड्यात असतो तर कदाचित ओरडून सांगितलं असतं.

रात्री नऊपर्यंत पोट फुगलं. दहाला बसवेना, उभं राहवेना. टाक्यांचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं. कागदावरच्या नंबरावर फोन केला. पलीकडची बाई सभ्य होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमच्याकडे इमर्जन्सी विभाग नाही, तुम्ही लगेच जवळच्या ए अँड ईला, म्हणजे इमर्जन्सीला, जा. जवळचं ए अँड ई म्हणजे तेच मोठं सरकारी हॉस्पिटल, ज्याची रांग सोडून मी बारा दिवसांपूर्वी निघून गेलो होतो.

अकरा चाळीसला पोचलो. भिंतीवरच्या पडद्यावर अंदाजे थांबण्याचा वेळ: पाच तास. निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या जमिनीला बोल्ट मारून बसवलेल्या, त्यामुळे पाय पसरायलाही जागा नाही. मी खुर्चीच्या पाठीला धरून वाकून उभा राहिलो. समोर कॉफीचं मशीन होतं. दर पाच-सात मिनिटांनी कुणीतरी नाणं टाकायचं आणि कपात धार पडायची. ती धार सुरू झाली की माझं सगळं अंग आकसायचं. एकदा मी बायकोला म्हणालो, "त्या माणसाला सांग, नको म्हणावं कॉफी." कपाळाला रक्ताने भिजलेला टॉवेल लावलेला एक झिंगलेला पोरगा उठला, मला जागा दिली. मी बसू शकत नाही हे त्याला समजावता समजावता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रडायला सोपं जात होतं, बाकी काही होत नव्हतं. तेवढ्यात स्ट्रेचरवरून एक म्हातारी आली, चेहरा एका बाजूला ओघळलेला, आणि सगळे तिच्यामागे धावले. मला राग आला. तिचा. हेही लिहून ठेवतो.

अडीच वाजता नाव पुकारलं. नर्स केरळची, कोट्टायमची. पोटावर थंड जेल लावून तिने छोटं यंत्र फिरवलं आणि आकडा वाचला: नऊशे चाळीस मिलिलिटर. "अंकल," ती हिंदीत म्हणाली, "थोडा पहले बोलना था ना." मी सत्तेचाळीसचा. त्या क्षणी मला कुणी आजोबा म्हटलं असतं तरी चाललं असतं. नळी घातली. पुढच्या दहा मिनिटांचं वर्णन करत नाही, एवढंच सांगतो की तितकं सुख मला कुठल्या देवळात झालेलं नाही.

बिल नाही, प्रश्न नाही. "ऑपरेशन कुठे केलंत?" एवढं तिने विचारलं. मी सांगितलं. तिने लिहून घेतलं. माझ्या मनात होती तेवढी तुच्छता तिच्या चेहऱ्यावर दिसली असती तर बरं वाटलं असतं. नव्हती. मांडीला पिशवी बांधून पहाटे घरी आलो. आठवड्याने सरकारी क्लिनिकमध्येच नळी काढली.

आईला फोनवर हे सौम्य करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे शेवटी सिव्हिललाच जावं लागलं की. मग तीन लाख कशाला घातलंस?"

मांडीला पिशवी बांधलेली असतानाच खण उघडला. यादीत चौथं नाव त्याच प्रायव्हेट हॉस्पिटलचं होतं. पुढे थांबायचा अंदाजही छापलेला, घराजवळच्या हॉस्पिटलच्या निम्म्याहून कमी. म्हणजे त्याच कॉटवर, त्याच सर्जनकडून, शून्य पौंडात. दंडक मोडला म्हणून मी सरकारवर चिडत होतो आणि सरकारने कागदावर छापून दिलेलं वाचलं नव्हतं. मिरजेला दोन डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही साधा दातही काढत नाही, इथे पहिल्या ओळीवर बोट ठेवून मोकळा झालो.

तेव्हा पोरांनो, पत्र वाचा. इंग्लंडात असाल तर जीपीकडेच सांगा की यादी बघून ठरवतो. आणि गाठ आत जाईनाशी झाली, दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या तर सरकारी-खासगी करत बसू नका, थेट ए अँड ई. एवढं मी खात्रीने सांगू शकतो. बाकी "कुठलं चांगलं?" विचारू नका. प्रायव्हेटवाल्यांनी माझं काही बिघडवलं नाही, खोटं मी बोललो. सरकारीवाल्यांनी मला वाचवलं, पण वर्षभर ताटकळवलंही त्यांनीच. आणि ज्याला रांगेवरून बोललो होतो त्याची मी अजून माफी मागितलेली नाही. तो गुडघा वाकवून फुटबॉल खेळतो.

या जानेवारीत डावीकडे गाठ आली आहे. जीपीने खोकायला लावलं, पत्र आलं, या वेळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडं ठेवलंय. पाच नावं. बसड्रायव्हरवालं हॉस्पिटल आताही आहे, तिसऱ्या नंबरावर. पहिल्या नंबरावर आहे ते कॉफी मशीनवालं, वेळ सगळ्यात जास्त. बायको म्हणते, तिसरं निवड आणि विषय संपव. निवडीन बहुतेक. पण दोन आठवडे झाले, माझं बोट पहिल्या नावावरून हलत नाही आणि का, ते मला तिला सांगता येत नाहीये.

आई मात्र रविवारी विचारत होती, तिकीट काढू का म्हणून.