खुब्याचं रिव्हिजन: दुखणं गेलं तरी कुबड्या का सोडल्या नाहीत

रिव्हिजन म्हणजे खुब्यात आधी बसवलेल्या कृत्रिम सांध्याचं पुन्हा केलेलं ऑपरेशन. टाके निघाले, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखणं निम्म्यावर आलं आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली. दुखत होते ते कापलेले स्नायू. हाड तेव्हा नुकतं कुठे कामाला लागलेलं असतं.

कृत्रिम सांध्याचा कमरेच्या हाडात बसवलेला भाग म्हणजे वाटी. जुन्या वाटीच्या प्लास्टिकची झीज होऊन सुटलेल्या कणांनी मागचं हाड पोखरलं होतं. त्या खड्ड्यात दात्याच्या हाडाचे तुकडे ठासून भरले आणि वर सच्छिद्र धातूची वाटी स्क्रूने बसवली. तिची छिद्रं साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची. वाटी ४० मायक्रॉनच्या आत हलली तर हाड छिद्रांत शिरतं; १५० च्या वर हलत राहिली तर हाडाऐवजी तंतूंचा पडदा धरतो आणि वाटी सैलच राहते. १५० मायक्रॉन म्हणजे जेमतेम दोन केसांची जाडी! एवढं सांभाळायचं होतं सहा ते बारा आठवडे. ठासलेल्या तुकड्यांत नवं हाड भरायला तर त्याहून बराच जास्त काळ लागतो.

मला २० किलो भाराची मुभा होती. हा आकडा अंदाजाने जमत नाही. वजनकाटा आणि शेजारी त्याच उंचीची फळी ठेवायची, ऑपरेशनचा पाय काट्यावर, दुसरा फळीवर, दोन्ही कुबड्या हातात. काटा २० दाखवेल तिथे थांबून तळव्याला तो दाब लक्षात ठेवायचा. उभं राहून बरोबर येतो, चालताना टाच टेकताच वाढतो. म्हणून पावलं आखूड आणि सराव रोजचा. खुर्चीवरून उठताना भार सगळ्यात चोरून येतो. बैठक गुडघ्यापेक्षा उंच हवी, तो पाय पुढे सरकवायचा आणि हातांच्या जोरावर उठायचं.

इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या हाडाची वाढ मंदावू शकतात, त्यामुळे त्या मनाने घ्यायच्या नाहीत. सिगारेट तर बंदच.

एक्स-रे नेहमी ऑपरेशननंतरच्या पहिल्या फिल्मशेजारी ठेवून बघायचा: वाटीचा कोन बदलला का, भोवतीची काळी रेघ रुंदावते आहे का, स्क्रू तुटला का. बारीक रेघ तेवढीच राहिली तर सहसा घाबरण्यासारखं नसतं. पण उठल्यावर पहिल्या चार पावलांना जांघेत कळ येऊन मग विरत असेल, तर सैलपणाची शंका घ्यावी. जखम पाझरली किंवा पडल्या-पडल्याही ठणका लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नये, जंतुसंसर्ग असू शकतो.

पुढे एकच काठी उरते, ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. हटकून उलटी धरली जाते.