दीड मिलिमीटरची खाच

गुडघा प्रत्यारोपणात नडगीच्या हाडाचा वरचा भाग सपाट कापावा लागतो. त्यासाठी हाडावर पिनांनी जो धातूचा ठोकळा बसवतात, त्याला आमच्या व्यवसायात कटिंग ब्लॉक म्हणतात. त्यात एक आडवी खाच असते. करवतीचे पाते त्या खाचेतून जाते आणि पाते ज्या दिशेने जाईल, त्या दिशेने हाड कापले जाते. अंधेरीच्या एमआयडीसीतील एका कंपनीत डिझाइन अभियंता म्हणून रुजू झाल्यावर स्वतंत्रपणे माझ्याकडे आलेले पहिले काम हा ब्लॉक होता. शरीरात कायमचे राहणारे इम्प्लांट माझ्या वरिष्ठांकडे गेले आणि मला त्याचे हत्यार मिळाले, याचे तेव्हा मला वाईट वाटले होते.

पहिल्या आराखड्यात मी खाचेची उंची १.५० मिलिमीटर ठेवली आणि खोली, म्हणजे पात्याला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो ती लांबी, १५ मिलिमीटर. करवतीची पाती १.१९, १.२७, १.३७ अशा वेगवेगळ्या जाडीची मिळतात, तेव्हा कोणतेही पाते सहज जावे, असा माझा विचार होता. परळच्या एका रुग्णालयातील अस्थिशल्यविशारदांनी फोमच्या कृत्रिम हाडावर तो ब्लॉक लावून, त्यांच्या हाताशी असलेल्या १.१९ च्या पात्याने काप घेतला आणि कापलेल्या पृष्ठभागावर एक सपाट पट्टी ठेवून मला ती बोटाने दाबायला सांगितली. पट्टी डुलत होती. त्यांनी त्यावर काहीही भाष्य केले नाही. फक्त ते हाड मला घरी न्यायला दिले.

परतीच्या लोकलमध्ये मी वहीवर जो हिशोब मांडला, तो खरे तर पहिल्या दिवशीच मांडायला हवा होता. १.५० मधून १.१९ वजा केले की ०.३१ मिलिमीटर मोकळी जागा उरते. १५ मिलिमीटरच्या आधारात तेवढी जागा मिळाली, तर पाते वर किंवा खाली सुमारे १.२ अंशांनी कलू शकते. नडगीचे डोके पुढून मागे साधारण ५० मिलिमीटर धरले, तर ब्लॉक अगदी अचूक बसवलेला असतानाही मागच्या कडेला काप एक मिलिमीटरने चुकू शकतो. खुब्याच्या केंद्रापासून घोट्याच्या केंद्रापर्यंत जो भाररेषेचा अक्ष धरतात, त्याच्यापासून शस्त्रक्रियेनंतरचा पाय ३ अंशांच्या आत राहावा, हे बरीच वर्षे मानले गेलेले उद्दिष्ट आहे. पाते बाजूलाही तसेच कलते, म्हणजे त्या ३ अंशांतला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग सर्जनने काहीही चूक करण्याआधी माझी खाच खाऊन टाकत होती. तिरप्या बसलेल्या सांध्यात भार एका बाजूला येतो आणि त्या बाजूचे पॉलिथिलीन, म्हणजे इम्प्लांटमधला प्लास्टिकचा भाग, लवकर झिजते. झिजेची किंमत काय असते, हे खुब्याचा कृत्रिम सांधा विकसित करणारे ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांच्या कामावरून कळते. त्यांनी खुब्याच्या सांध्यासाठी आधी वापरलेले टेफ्लॉन काही वर्षांतच झिजले, ते सांधे पुन्हा उघडावे लागले आणि १९६२ मध्ये ते अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनकडे वळले.

घाबरून मी दुसरे टोक गाठले. १.२७ च्या पात्यासाठी १.३२ ची खाच केली. ती मोजमापात देखणी होती, पण करवत चालू होताच पाते अडकू लागले, ब्लॉक हाताला गरम लागू लागला आणि खाचेच्या तोंडाशी धातूची काळी भुकटी जमली. हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसवर राहिले तरी त्यातील पेशींना इजा होते, हे १९८० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवलेले आहे; शिवाय ती भुकटी सांध्यात उरणे कोणालाच परवडणारे नाही. मग उंचीशी झगडणे सोडून मी खोलीकडे वळले. खोली २० मिलिमीटर केली, खाच १.४० ठेवली आणि ब्लॉकवर ठळक अक्षरांत "१.२७" असे कोरून पात्याची जाडी निश्चित केली. आता मोकळी जागा ०.१३ मिलिमीटर उरली आणि कल सुमारे ०.४ अंशापर्यंत खाली आला. खोली आणखी वाढवता आली असती, पण वाटीच्या खालचा स्नायुबंध त्याच जागेतून जातो आणि जाड ब्लॉकसाठी तो अधिक ताणावा लागतो. तो ताण रुग्णाला सोसावा लागतो, म्हणून मी २० वर थांबले.

ब्लॉकचे पोलाद १७-४ पीएच जातीचे होते. ते ४८२ अंश सेल्सिअसवर तासभर ठेवून कठीण करतात, याला एजिंग म्हणतात, आणि त्यात ते किंचित आकसते. वसईच्या कारखान्यात वायरकटवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्या काकांनी माझे ड्रॉइंग पाहताच विचारले, "खाच एजिंगच्या आधी कापायची की नंतर?" ड्रॉइंगवर मी ते लिहिलेच नव्हते. ६० मिलिमीटरच्या लांबीत ते आकसणे ०.०३ मिलिमीटरच्या आसपास भरते. खाचेला त्याने फारसा फरक पडला नसता, पण पिनांच्या छिद्रांमधले अंतर बदलले असते. तेव्हापासून प्रक्रियेचा क्रम मी ड्रॉइंगवर मापांइतक्याच काळजीने लिहिते.

या कामात मला सर्वाधिक शिकवले ते रुग्णालयाच्या सीएसएसडीने, म्हणजे जिथे हत्यारे धुऊन निर्जंतुक करतात त्या विभागाने. ब्लॉक त्याला जागेवर धरणाऱ्या दांड्यावर पटकन बसावा म्हणून मी त्यात स्प्रिंगचा खटका बसवला होता आणि त्याचा मला अभिमान होता. तिथल्या मावशींनी ब्लॉक उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, हे उघडत नाही. मग आतलं रक्त मी कुठून धुवू?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ऑटोक्लेव्हची १३४ अंशांची वाफ स्वच्छ पृष्ठभाग निर्जंतुक करते. बंद कप्प्यात वाळलेल्या रक्ताखाली ती पोहोचेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. हत्यार कसे धुवावे याच्या सूचना उत्पादकाने द्याव्यात, असे आयएसओ १७६६४ हे मानक सांगते आणि मी त्या सूचना शेवटी लिहायचे ठरवले होते. त्या आधी लिहिल्या असत्या, तर तो कप्पा जन्मालाच आला नसता. खटक्याऐवजी आरपार दिसणारी एक साधी खोबण केली. तिच्यातून ब्रश एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढता येतो.

गंजाचे डागही मावशींनीच दाखवले. नमुना ब्लॉक अनेक वेळा धुऊन निर्जंतुक केल्यावर नेमके लेझरने कोरलेले आकडे तांबूस झाले होते. लेझरच्या उष्णतेने पोलादावरचा संरक्षक थर त्या जागी बिघडतो आणि सलाइनमधले क्लोराइड तिथूनच शिरकाव करते. आम्ही लेझरची तीव्रता कमी केली आणि पॅसिव्हेशन, म्हणजे तो थर रसायनाने पुन्हा पक्का करण्याची प्रक्रिया, कोरण्यानंतर करायला लागलो. आकडे थोडे फिके झाले, म्हणून मी ते आकाराने मोठे केले.

त्यानंतर देहदानातून मिळालेल्या शरीरावर चाचणी झाली. सुरुवात करण्यापूर्वी आम्ही सर्वजण हात जोडून क्षणभर उभे राहिलो. ज्या व्यक्तीचे नावही मला कळणार नव्हते, तिच्या ऋणाची जाणीव त्या दिवशी माझ्या हाताला होती. हाड वयामुळे ठिसूळ झालेले होते आणि समांतर पिनांवरचा ब्लॉक करवतीच्या कंपनाने हळूहळू वर उचलला जाऊ लागला. फोमच्या हाडावर हे कधीच दिसले नव्हते. तिरप्या पिनेसाठी आणखी एक छिद्र पाडल्यावर ब्लॉक जागचा हलला नाही.

कागदपत्रांचा टप्पा तुलनेने सरळ गेला. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार जोखमीनुसार केलेल्या ए ते डी या वर्गांपैकी गुडघ्याचे इम्प्लांट सी वर्गात येते आणि त्याचा उत्पादन परवाना केंद्रीय प्राधिकरण देते. हत्यार खालच्या वर्गातले असल्याने माझी फाइल पातळ होती. तरीही आयएसओ १४९७१ या जोखीम व्यवस्थापनाच्या मानकाप्रमाणे जोखमींचा तक्ता भरताना खटका, गंज आणि उचलला जाणारा ब्लॉक या तिन्ही गोष्टी मी जशा घडल्या तशाच लिहिल्या.

पहिल्या प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळी मी ऑपरेशन थिएटरच्या भिंतीशी उभी होते. काप घेतल्यावर सर्जन सरांनी पट्टी ठेवून दाबली, ती हलली नाही आणि ते पुढच्या पायरीकडे वळले. काही महिन्यांनी तोच संच तपासणीसाठी परत आला, तेव्हा खाचेच्या तोंडाशी माप १.४३ भरले, पात्याच्या घासण्याने ते तेवढे वाढले होते. म्हणून आता प्रत्येक संचासोबत १.४५ मिलिमीटर जाडीची एक मापपट्टी जाते. ती खाचेत शिरली, तर ब्लॉक बदलायचा, ही सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापलेली असते आणि त्यातले मराठी वाक्य मी मावशींना वाचून दाखवून, त्यांनी सुचवलेल्या शब्दांत पक्के केले आहे.