आमची वाटचाल : आधी उतरवायला शिकलो

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बाबांनी शेड घेतलं ते ट्रकच्या मीटरकामासाठी. ऊसहंगाम सुरू झाला की स्पीडोमीटरच्या केबली, ऑइल गेज, डायनॅमो यांची रीघ लागायची. मीटर काढायचा तर डॅशबोर्ड उघडावा लागतो, आणि उघडलेला डॅशबोर्ड परत खडखड न करता बसवावा लागतो. त्या कामात बाबांचा हात तिथेच बसला. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले, अख्खा क्लस्टरच, म्हणजे सगळ्या मीटरांचा एकत्र संचच, बदलायची पद्धत पडली आणि दुरुस्ती आटली. धंदा माझ्याकडे आला तेव्हा शेडचं भाडं निघायची मारामार होती.

वळण आलं ते एका जुन्या शेवरोले पिकअपमुळे. पन्हाळ्याकडच्या एका बागायतदारांच्या गोठ्याशेजारी ती वर्षानुवर्षं उभी होती. मालिका 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन', म्हणजे 1947 ते 1955 मधली. जनरल मोटर्सचा शिवडीला जोडणी कारखाना होता, 1928 पासून 1954 पर्यंत. बागायतदारांच्या आजोबांनी गाडी मुंबईहून आणली एवढंच त्यांच्या घरात माहीत होतं. गाडी रंगवून घ्यायचं ठरलं तेव्हा पेंटर म्हणाला होता, डॅशबोर्डवरच्या चकचकीत पट्ट्या आणि मीटर जागेवरच राहू द्या, कागद चिकटवून रंग मारतो. मालकांना ते पटलं नाही. त्यांनी आम्हाला एकच काम सांगितलं : डॅशबोर्डवरचं सगळं न मोडता उतरवून द्या.

कागद चिकटवून रंग मारणं मलाही कधीच पटलं नाही. पट्टीच्या कडेला रंगाची धार राहते, तिथून पाणी शिरतं, आणि मागचा गंज झाकलेलाच राहतो. पण उतरवण्याची भीती पेंटरला का वाटते, तेही मला कळतं. आपल्याकडच्या या गाड्या उजव्या स्टीअरिंगच्या. अमेरिकेत या पिकअपचे सुटे भाग आजही नवे बनतात. नॉब मिळतात, मीटरच्या रिंगा मिळतात. पण डॅशबोर्डचं पत्र्याचं पॅनेल तिकडे डाव्या स्टीअरिंगचं. मीटर एका बाजूला, ग्लोव्ह बॉक्स दुसऱ्या बाजूला, म्हणजे आपल्या बरोबर उलट. इकडच्या पॅनेलला स्क्रू ड्रायव्हर घसरून पोचा पडला, की पर्याय मागवून बसवता येत नाही. आहे तेच जपायचं. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा राहिला.

बाबा तेव्हा थकले होते, तरी खुर्ची टाकून गाडीशेजारी बसायचे. पहिली गोष्ट बॅटरी. या पिकअपची सहा व्होल्टची बॅटरी पायाखाली, फ्लोअरच्या झाकणाखाली असते. 1949 पासून पेट्रोलची टाकीही केबिनमध्येच, सीटच्या मागे. डॅशबोर्डमागच्या वायरींचं कापडी आवरण बोट लावलं तरी भुगा होऊन पडतं. बॅटरी सोडल्याशिवाय आत हात घालायचा नाही, आणि अडलेला स्क्रू तापवायचा तर सोल्डरिंगच्या इस्त्रीने. गॅसचा बर्नर आमच्याकडे केबिनच्या जवळपास येत नाही.

चकचकीत पट्ट्या काढायला आम्ही बांबूच्या कामट्या वापरतो. सुरीने टोकाला पातळ तासलेली कामटी पट्टीखाली सरकवायची. जिथे अडकते तिथे मागे क्लिप किंवा नट आहे असं समजायचं. मग डॅशबोर्डखालून हात घालून तो मागून सैल करायचा. लोखंडी पट्टी वापरली की स्टेनलेसला जो पोचा पडतो, तो पॉलिशलाही दाद देत नाही.

सगळ्यात नाजूक भाग टेंपरेचर गेजचा. त्याला वायर नसते. गेजपासून इंजिनच्या हेडपर्यंत बारीक तांब्याची नळी जाते, टोकाला बल्ब आणि आत ईथर. पाणी तापलं की आतला दाब वाढतो आणि काटा सरकतो. नळी पिचली, ईथर उडालं, की गेज गेलं. पुन्हा भरता येतं, पण ते स्वतंत्र कसब आहे. म्हणून मीटर सोडवायला सुरुवात आतून नाही, बॉनेटखालून करायची. हेडमधला नट गंजून नळीलाच धरलेला असतो. पाना लावून जोरात फिरवला तर नटाबरोबर नळीही पिळली जाते. दोन-तीन दिवस तेल पाजायचं, नट किंचित पुढे, किंचित मागे असा हलवत राहायचा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत नळी धरून ठेवायची. चिमटीत नळी फिरतेय असं जाणवलं की थांबायचं, परत तेल. बल्ब सुटला की त्याला कापड गुंडाळून, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातून नळी हळूहळू आत घ्यायची आणि गेजला जोडलेलीच ठेवून पूर्ण मीटर बाहेर काढायचा. त्या पिकअपचा काटा परत बसवल्यावर हलला, तेव्हा बाबा खुर्चीतून उठून बॉनेटपाशी आले होते.

ती गाडी पाहून पुण्याहून एक विचारणा आली, मग सांगलीहून, मग मुंबईहून. दर ठरवताना मात्र घासाघीस व्हायची. बसवण्याचे पैसे लोक देतात, 'नुसतं काढायचे कसले पैसे?' असं विचारतात. मी तेव्हापासून बिलात उतरवणं वेगळं लिहितो आणि त्यावर सूट देत नाही. माझ्या मते खरी मजुरी तिथेच आहे.

नोंदींचं खातं वहिनींनी हातात घेतलं आणि आमच्या कामाला शिस्त आली. प्रत्येक गाडीसाठी त्या एका पुठ्ठ्यावर डॅशबोर्डची आकृती काढतात. जिथला स्क्रू, तिथेच पुठ्ठ्यात खोवायचा. दिसायला सारखे स्क्रू लांबीला सारखे नसतात, आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला की तो मागच्या वायरीत घुसतो. सोबत उतरवण्यापूर्वीचे फोटो आणि वायरींच्या चिठ्ठ्या.

2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले, नंबरात 'व्हीए' अक्षरं असलेली. त्यात गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे. तेव्हापासून नव्या मीटरऐवजी जुनाच चालू करून द्या, असं सांगणारे मालक वाढले.

प्लॅस्टिक डॅशबोर्डच्या पिकअपही आता येतात. उन्हाने ते प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, थंडीत सकाळी हात लावला की अडकवायचे कान तुटतात. त्या गाड्या आम्ही उन्हात उभ्या करून दुपारीच उघडतो.

उद्यमनगरात असण्याचा मोठा फायदा म्हणजे पॅटर्नवाले (ओतकामाचे नमुने बनवणारे), ओतकामवाले आणि क्रोमवाले हाकेच्या अंतरावर आहेत. बऱ्याच जुन्या गाड्यांचे मूळ नॉब आणि रिंगा जस्ताच्या मिश्रधातूच्या. त्यांना फोड आले की क्रोम धरत नाही. असे भाग आम्ही पितळेत ओतून घेतो. उजव्या स्टीअरिंगच्या पॅनेलचीही मापं घेऊन ठेवली आहेत, आणि पत्रा ठोकून पहिलं पॅनेल सध्या तयार होतंय. ज्यांना रंगकाम आपल्याच गावात करायचं आहे, त्यांना आम्ही नुसतं उतरवूनही देतो. पुठ्ठा, फोटो आणि चिठ्ठ्या खोक्यात सोबत असतात. फक्त गाडी आणण्याआधी कुणाला एकही स्क्रू सैल करू देऊ नका.